आल्हखंडातील वीर, त्यांचे घर आणि त्यांचा काळ

जबलपूर शहराच्या पोटात सामावून गेलेले गढा हे एके काळी एका विस्तीर्ण राज्याचे नाव होते. मदनमहालाचा एकाकी बुरूज, संग्रामसागराचे पाणी आणि काळ्या खडकांच्या टेकड्या एवढ्याच खुणा आता त्या वैभवाच्या उरल्या आहेत. संग्रामशहाने बावन गढ जिंकले अशी या राज्याची कीर्ती. आणि मध्यदेशातील बाजारांत विकल्या जाणाऱ्या आल्हखंडाच्या जाड पोथ्यांवरही 'बावन गढांची लढाई' असेच छापलेले असते. हा केवळ आकड्याचा योगायोग मानून सोडून देता येईल. परंतु गढा आणि आल्हखंड यांचे नाते एका आकड्यापुरते नाही. गढ्याची सर्वांत नामांकित राणी, दुर्गावती, ही महोब्याकडील चंदेल घराण्यातील मुलगी होती. आणि आल्हखंड ही त्याच महोब्याच्या चंदेल दरबारातील वीरांची कथा आहे. सोळाव्या शतकातील एक राजकन्या ज्या पूर्वजांचे नाव घेऊन गोंडांच्या घरी आली, त्यांचे बाराव्या शतकातील मरण पावसाळ्याच्या दिवसांत बुंदेलखंडातील अल्हैत ढोलकीवर गात असतो.

ही कथा मराठी वाचकांच्या परिचयाची नाही, म्हणून तिचा सांगाडा प्रथम मांडणे आवश्यक आहे. महोब्याचा राजा परमाल याने शस्त्र हाती न धरण्याचे व्रत घेतले आहे. त्याचे राज्य राखतात ते बनाफर कुळातील दसराज आणि बच्छराज हे दोघे भाऊ. माडोचा करिया रात्री छापा घालून या दोघांना ठार मारतो, राणी मल्हनेचा नौलाख हार पळवतो आणि दसराजाची कवटी माडोला टांगून ठेवतो. मागे राहिलेली मुले राणीच्या मायेखाली वाढतात: दसराजाचे आल्हा आणि ऊदल, बच्छराजाचे मलखान आणि सुलखान. त्यांच्यासमवेत परमालाचा पुत्र ब्रह्मा, ज्योतिष जाणणारा ढेवा आणि बनारसचा वृद्ध सय्यद मीर ताल्हन, आणि पुढे कनौजचा लाखन. यांचे घोडे आकाशात उडतात, हत्ती साखळ्या फिरवून सैन्य झोडपतो, देवी शारदा आल्ह्याला अमरत्व देते. हे एक अलौकिक सामर्थ्याच्या वीरांचे मंडळ आहे, आणि त्याचा एकही पराभव बाहेरच्या शत्रूच्या बळाने घडत नाही.

तो घडतो घरातून. मल्हनेचा सख्खा भाऊ, उरईचा माहिल, हा या काव्यातील खलपुरुष. महाभारतातील शकुनीशी त्याचे साम्य उघड आहे. परंतु शकुनी द्यूत खेळतो, माहिल केवळ बोलतो. शिकारीला गेलेल्या ऊदलला तो टोमणा मारतो की, बापाचे सूड घेणे राहिले आणि हरणे मारतोस; आणि त्या एका वाक्याने पित्याच्या मरणानंतर जन्मलेल्या मुलाला आपला पिता कसा मेला हे प्रथम समजते. पुढे तोच माहिल पृथ्वीराजाच्या कानी लागतो, उडत्या घोड्यांची मागणी होते, आल्हा घोडे देत नाही, आणि ज्या राजाचे राज्य या मुलांनी राखले तोच त्यांना हद्दपार करतो. मंडळ फुटते. आल्हा-ऊदल कनौजला जातात, मलखान सिरशाला एकटा पडून कपटाने मारला जातो. हद्दपारीच्या या प्रसंगाइतका करुण भाग वीरकाव्यात विरळा. बनाफरांना परमालाच्या घरी पुत्राचे प्रेम मिळाले, पण पुत्राचा हक्क कधीच मिळाला नाही. त्यांचे कूळ 'ओछे', म्हणजे हलके, ही कुजबूज प्रत्येक लग्नाच्या वेळी वर येते, आणि म्हणूनच या काव्यात प्रत्येक लग्न हे युद्ध असते. मुलगी देणारा आपली मान खाली गेली असे मानतो. हलक्या कुळाला ती द्यावी लागली तर दुप्पट.

अबुल फजलने 'अकबरनाम्या'त गढ्याच्या घराण्याविषयी लिहिलेला मजकूर या पार्श्वभूमीवर वाचण्यासारखा आहे. अमानदास, म्हणजेच पुढचा संग्रामशहा, याने आपल्या बापाचा वध केला असे तो नोंदवतो. दलपतशहाला चंदेल राजाने आपली कन्या दिली ती कुळाच्या बरोबरीने नव्हे, तर पडता काळ आला म्हणून, असेही त्याचे म्हणणे आहे. अबुल फजल हा विजेत्या दरबाराचा लेखक; जिंकलेल्या घराची अप्रतिष्ठा सांगण्यात त्याचा हेतू असणार, हे विसरता येत नाही. तथापि बनाफरांविषयी माहिलाची जी भाषा आहे तीच गोंडांविषयी मोगल इतिहासकाराच्या लेखणीत उतरावी, यावरून कुळाचा प्रश्न त्या प्रदेशात किती शतके धुमसत होता हे दिसते. दलपतशहाच्या मृत्यूनंतर दुर्गावतीने बालपुत्र वीरनारायणाच्या नावाने राज्य चालविले, आणि २४ जून १५६४ रोजी आसफखानाच्या फौजेशी नर्रई नाल्याजवळ लढताना, पकडले जाण्यापूर्वी, स्वतःच्या हाताने प्राण दिला.

आता काळाचा प्रश्न. आल्हखंडाच्या टीकाकारांनी सर्वाधिक दोष दिला तो याच बाबतीत. बाराव्या शतकातील लढाईत तोफा धडाडतात, बंदुका सुटतात. पृथ्वीराजाशी झालेल्या युद्धात चंदेलांचा जणू निर्वंश होतो. प्रत्यक्षात मदनपूरच्या लेखांवरून पृथ्वीराजाची चढाई ११८२ साली झाली असे ठरते, आणि परमर्दी, म्हणजे काव्यातील परमाल, त्यानंतर वीस वर्षे जगून कुतुबुद्दीन ऐबकाने कालिंजर वेढले त्या सुमारास मरण पावला. काव्याचा कर्ता मानला जाणारा जगनिक हा स्वतःच काव्यातील पात्र आहे: रुसून बसलेल्या आल्ह्याला परत आणण्यासाठी कनौजला तोच जातो. जगनिकाचा मूळ ग्रंथ उपलब्ध नसून आज गायिले जाते ते त्याचे पडसाद आहेत, हे रामचंद्र शुक्लांनी हिंदी साहित्याच्या इतिहासात फार पूर्वीच सांगून ठेवले आहे. ज्याला पाठ म्हणता येईल असा पाठ तयार झाला तो १८६५च्या सुमारास, फर्रुखाबादचे अधिकारी चार्ल्स इलियट यांनी गायकांकडून तो लिहवून घेतल्यामुळे. सातशे वर्षे तोंडी राहिलेल्या काव्यात तोफा शिरल्या यात नवल ते काय? नवल वाटावे ते याचे की, त्या काढून टाकण्याची गरज एकाही गायकाला भासली नाही.

याचे उत्तर काव्याच्या मूळ कल्पनेत आहे. परंपरा सांगते की महोब्याचे वीर हे पांडवांचेच पुनर्जन्म होत. आल्हा हा धर्मराज, ब्रह्मा हा अर्जुन, पृथ्वीराजाची कन्या बेला ही द्रौपदी आणि खुद्द पृथ्वीराज हा दुर्योधन. मुंबईच्या व्यंकटेश्वर छापखान्याने १८९७ साली छापलेल्या भविष्यपुराणाच्या प्रतिसर्गपर्वात हीच कथा संस्कृतात आली आहे. तेथे जोडणी थोडी निराळी, ऊदल हा कृष्णाचा अंश आणि पृथ्वीराज हा धृतराष्ट्र. अश्वत्थाम्याच्या रात्रीच्या संहारानंतर क्रुद्ध पांडव शिवावरच शस्त्रे टाकतात आणि कलियुगात पुन्हा जन्मण्याचा शाप मिळवतात, असे त्याचे कारण तेथे दिले आहे. म्हणजे कुरुक्षेत्रावर जे संपले असे वाटले ते संपलेले नाही. तेच भाऊ, तीच भाऊबंदकी, तीच अपमानित राजकन्या पुन्हा एकदा उभी राहते, आणि या खेपेस पांडवांचा पक्ष हरतो. कॅरिन शोमर आणि आल्फ हिल्टेबायटेल या अमेरिकन अभ्यासकांनी या उलटापालटीकडे विशेष लक्ष वेधले आहे. ज्या काव्याचा काळच असा स्वतःवर दुमडलेला आहे, त्यात बाराव्या शतकात तोफ आली म्हणून कोणती मर्यादा मोडली? द्वापर आणि कली यांची सरमिसळ ज्याने मान्य केली त्याला १५२६च्या पानिपताची तोफ सुमारे साडेतीनशे वर्षे मागे नेणे कठीण नाही. कालविपर्यास हा येथे पाठाला लागलेला गंज नसून रचनेचे तत्त्व आहे.

या ठिकाणी एक दूरचे उदाहरण उपयोगी पडेल. १९६१ साली अमेरिकेत स्टॅन ली आणि जॅक किर्बी यांनी 'फॅन्टास्टिक फोर' ही चित्रकथामाला सुरू केली. तिच्यातील चार अतिमानव हे एक कुटुंबच आहे: बहीण-भाऊ, तिचा प्रियकर आणि त्याचा मित्र, ते भांडतात, रुसतात, घर सोडून जातात. १९६३ साली त्यांना कालयंत्रात बसवून प्राचीन इजिप्तमध्ये पाठविण्यात आले. कुटुंबाची मोडतोड आणि काळाची मोडतोड यांची सांगड त्या लेखकांनाही सुचली, हे लक्षणीय आहे. भेद एवढाच की, तेथे काळ हा यंत्राने ओलांडायचा प्रदेश आहे आणि ओलांडून परतही येता येते. महोब्याच्या वीरांना यंत्र नाही. त्यांना काळ जन्माबरोबर मिळालेला आहे, आणि बहुतेकांना तो ठाऊकही नाही. श्रोत्यांना मात्र असतो. सारी व्यथा या अंतरात आहे.

मराठी अनुवादकाला हे काव्य का टाळावेसे वाटत असेल, याची कारणे भाषेतच सापडतात. 'बारात' या शब्दाला मराठीत 'वऱ्हाड' हा शब्द तयार आहे. पण वऱ्हाड म्हटले की मराठी कानाला मानपान, पंगती आणि रुसवेफुगवे ऐकू येतात, तलवारी ऐकू येत नाहीत. 'गौना' तर अधिकच अवघड. लग्न झाले तरी मुलगी माहेरीच राहते आणि काही वर्षांनी तिला समारंभाने सासरी नेले जाते. आपल्या 'पाठवणी'त हा मधला काळच नाही. बेलेची संपूर्ण कथा या मधल्या काळात घडते. लग्न झालेली, पण गौना न झालेली बेला माहेरीच राहिलेली आहे. तिला न्यायला आलेला ब्रह्मा तिच्याच माहेरच्यांकडून प्राणांतिक जखमी होतो. ती पुरुषवेष घेऊन आपल्या सख्ख्या भावाचे, ताहरचे, मस्तक कापून मरणाऱ्या नवऱ्याला आणून दाखवते. मराठी ओवीतील मुराळी बहिणीला माहेरी न्यायला येतो. येथे माहेर आणि सासर यांमधील वाट भावाच्या रक्तावरून जाते. तिच्या चितेला अग्नी कोणी द्यावा या वादातून अखेरचे युद्ध पेटते आणि दोन्ही बाजू निःशेष होतात.

छंदाची अडचण त्याहून सूक्ष्म आहे. आल्हा छंदाच्या चरणात ३१ मात्रा, सोळाव्या मात्रेनंतर यती, आणि शेवट गुरू-लघू. बुंदेलीत क्रियापदे सहज अशी संपतात, त्यामुळे चरणाच्या शेवटी ढोलकीची थाप अचूक बसते. मराठी वाक्याचा शेवट 'आला', 'गेली', 'होते' असा दीर्घ स्वरावर रेंगाळतो. थाप पडते त्या वेळी मराठी अजून श्वास सोडत असते. विल्यम वॉटरफील्डने इंग्रजीत हे काव्य आणताना मूळ छंदाचा नाद सोडून इंग्रजी बॅलडचा साचा घेतला आणि ग्रिअर्सनने राहिलेल्या भागांचे गद्य सारांश जोडून १९२३ साली तो ग्रंथ प्रसिद्ध केला. मराठीत पोवाड्याचा साचा घ्यावा असे कोणाला सुचेल. शाहिरी परंपरेचा बाज त्याला जवळचा आहे, हे खरे. परंतु पोवाडा हा घटनेच्या जवळ उभा राहून बोलतो. अज्ञानदासाचा अफजलखानवधाचा पोवाडा १६५९च्या घटनेला लागून आहे; त्याला प्रसंगाची धग आहे, पुनर्जन्माची सावली नाही. पोवाड्याच्या चालीत आल्हा बसविला तर लढाई येईल, पांडव येणार नाहीत. मुक्त, यतिबद्ध गद्याच्या ओळी हाच त्यातल्या त्यात प्रामाणिक मार्ग दिसतो, आणि 'गौना' हा शब्द तसाच ठेवावा. मराठीने याहून परके शब्द पचवले आहेत.

मराठी आणि गढा यांचा संबंध आला तोही विजेत्याच्या नात्याने. १७८१ साली सागरच्या मराठ्यांनी गढा-मंडल्याचे गोंड राज्य संपविले, पुढे तो मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि १८१७ साली इंग्रजांकडे. त्या काळात नर्मदाकाठी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनी आपली भाषा जपली; शेजारी गायिल्या जाणाऱ्या काव्याकडे मात्र त्यांच्यातील साहित्यिकांचे फारसे लक्ष गेले नाही. त्याला एक सन्माननीय अपवाद म्हणजे महाराष्ट्रातून मंडला भागात गेलेले शामराव हिवाळे. परधानांवरील त्यांचा १९४६चा ग्रंथ इंग्रजीत आहे. गोंडांच्या घरी जाऊन त्यांच्या राजांची गाणी गाणाऱ्या या परधानांच्या कथांतही पांडव आहेत, आणि तेथेही ते परके राजपुत्र नसून त्याच रानातले, त्याच भुकेचे भाऊ आहेत.

मदनमहालाच्या टेकड्यांत शारदेचे एक देऊळ आहे आणि लोकपरंपरा ते दुर्गावतीशी जोडते. आल्ह्याची शारदा मैहरला, जबलपूरहून सतन्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर. सर्व वीर मेल्यावर आल्हा कजरीवनात निघून गेला, तो अमर आहे, आणि पहाटे पुजारी दार उघडण्यापूर्वीच देवीची पहिली पूजा तो करून जातो, अशी तेथील श्रद्धा आहे. डोंगराच्या पायथ्याशी त्याचे तळे आणि आखाडा दाखवतात.