विश्लेषण : मोटोजीपीत होंडा आणि आयोजक एका डब्यावरून का भांडले?

मोटोजीपीचे नियम २०२७ पासून पुन्हा बदलत आहेत. इंजिन १००० सीसीवरून ८५० सीसीवर येईल. नियम कुणासाठी, हा वाद मात्र जुनाच. तो सर्वांत जास्त पेटला एका छोट्या डब्यावरून.

डब्यात असते काय?

हा डबा म्हणजे ईसीयू, मोटारसायकलचा मेंदू. इंजिनात किती पेट्रोल सोडायचे, वळणातून निघताना मागच्या चाकाला किती ताकद द्यायची, हे तोच ठरवतो. २००७ मध्ये इंजिन ८०० सीसीचे झाले आणि एका शर्यतीला पेट्रोल मिळे अवघे २१ लिटर. थेंबाथेंबाचा हिशेब सॉफ्टवेअरकडे गेला आणि खर्च वाढला. त्यातच जागतिक मंदी आली. २००८च्या हंगामानंतर कावासाकी बाहेर पडली, २०११ नंतर सुझुकी. २०११ मध्ये तर पूर्ण हंगाम खेळणारे जेमतेम १७ स्वार उरले होते.

आयोजकांनी काय केले?

आयोजक डोर्नाने २०१२ मध्ये खासगी संघांना वेगळी सवलत दिली: २४ लिटर पेट्रोल आणि हंगामाला १२ इंजिने. कंपन्यांच्या संघांना २१ लिटर आणि सहाच. तरीही पुढे होंडा आणि यामाहाच. मग डोर्नाचे प्रमुख कार्मेलो एझपेलेटा यांनी सर्वांना एकच सॉफ्टवेअर देण्याचा आग्रह धरला. होंडाने बाहेर पडण्याची भाषा केली. तिच्या दृष्टीने शर्यत ही अभियंत्यांची प्रयोगशाळा. सॉफ्टवेअरच सरकारी मिळणार असेल तर कोट्यवधी खर्चायचे कशाला? मुद्दा बिनतोड होता. पण प्रेक्षक प्रयोगशाळा बघायला तिकीट काढत नाही.

तिढा सुटला कसा?

कंपन्यांच्या एकीला तडा गेल्यामुळे. २०१४ मध्ये कंपन्यांच्या गटात इंजिनाचा विकास हंगामभर गोठवला होता, तर ‘ओपन’ गटात तो खुला होता. अट एकच, सॉफ्टवेअर डोर्नाचे. २०१० नंतर एकही शर्यत न जिंकलेल्या डुकाटीने ओपन गटात जायचे जाहीर केले. होंडाने आक्षेप घेतला, आणि हंगाम तोंडावर आला असताना मधला मार्ग निघाला. डुकाटीने कंपन्यांच्या गटात राहायचे, पण २४ लिटर पेट्रोल आणि १२ इंजिनांची सवलत घ्यायची. यश मिळू लागले की ती कापायची. बदल्यात २०१६ पासून सर्वांना एकच सॉफ्टवेअर, हे कंपन्यांनी मान्य केले.

फरक पडला का?

२०११ ते २०१५ या पाच वर्षांत प्रत्येक शर्यत होंडाने किंवा यामाहाने जिंकली होती. २०१६ मध्ये नऊ वेगवेगळे विजेते झाले. ऑस्ट्रियात डुकाटी जिंकली, सिल्व्हरस्टोनला परतलेली सुझुकी. अर्थात पाऊस आणि मिशेलिनचे नवे टायर यांचाही त्यात वाटा होता.

पुढे डुकाटीच इतकी वरचढ झाली की २०२३च्या अखेरीस सवलतींची नवी पद्धत आली. २०२४ मध्ये सर्वाधिक सवलतींच्या गटात दोनच कंपन्या होत्या : यामाहा आणि होंडा.