जुन्या डेस्कटॉपला नवे ग्राफिक्स कार्ड
कचेरीतून बाद झालेला डेस्कटॉप नंदुरबार-शहाद्याकडील एखाद्या घरी आला, की त्यात ग्राफिक्स कार्ड बसविण्याचा मोह चिरंजीवांना अनावर होतो. परंतु किमतीची चौकशी करण्यापूर्वी झाकण उघडून पॉवर सप्लायवरील लेबल वाचावे, कारण पीसीआय एक्सप्रेसचा लांब स्लॉट कार्डास फार तर ७५ वॅट पुरवितो, आणि त्याहून अधिक विजेची अपेक्षा करणाऱ्या कार्डास लागणारी सहा पिनांची स्वतंत्र वायर अशा यंत्रांत बहुधा नसतेच. जीटीएक्स १६५०च्या पुष्कळ आवृत्त्या या मर्यादेत निभावतात. मात्र कॅबिनेट अरुंद असल्यास लो-प्रोफाइल कार्डच घ्यावे. आरएक्स ६५०० एक्सटी मात्र, माझ्या मते, जुन्या मदरबोर्डास वर्ज्यच: ते चारच लेन वापरते, सबब तिसऱ्या पिढीच्या स्लॉटमध्ये त्याचा वेग घटतो. शिवाय खानदेशच्या वैशाखात, पंख्यांतील धूळ झाडल्यावाचून काहीच बसवू नये.