घेर कोणी मोजत नाही

रक्तातली चरबी, साखर आणि रक्तदाब यांवर मराठीत आता इतकं लिहून झालंय, की एलडीएल म्हणजे काय आणि एचबीएवनसी कशासाठी करायचं, हे दिवाळी अंकाच्या वाचकाला समजावत बसणं शोभत नाही. ते गृहीत धरतो. मला बोलायचंय ते या तिघांच्या आपसातल्या नात्याबद्दल. गेल्या शंभर वर्षांत हे नातं अनेकदा सापडलं, अनेकदा हरवलं. आणि माझ्या मते सध्या आपण ते पुन्हा हरवून बसलो आहोत.

पहिला मान स्वीडनच्या एस्किल किलिन यांचा. रक्तदाब वाढलेल्या माणसांत साखर आणि युरिक ॲसिडही वाढलेलं सापडतं, तिन्ही मिळून एकच चित्र आहे, असं त्यांनी १९२३ साली लिहून ठेवलं. त्या सुमारास वैद्यकाचं सगळं जग टोरंटोत नुकत्याच हाती लागलेल्या इन्सुलिनकडे डोळे लावून बसलं होतं. किलिनकडे पाहायला सवड कोणाला? १९३६ मध्ये लंडनच्या हॅरॉल्ड हिम्सवर्थ यांनी मधुमेह्यांचे दोन गट पाडले. एका गटात इन्सुलिन टोचलं की साखर उतरे, दुसरा त्याला फारशी दाद देत नसे. १९४७ मध्ये मार्सेच्या जाँ व्हाग यांनी सांगितलं, की माणूस किती लठ्ठ आहे यापेक्षा चरबी कुठे साठली आहे ते पाहा. मांड्या-नितंबांवरची त्या मानाने निरुपद्रवी, पोटावरची घातक. ही तिघांची निरीक्षणं कोणी शेजारी-शेजारी ठेवली असती तर पुढची चाळीस वर्षं वाचली असती.

मग फ्रॅमिंगहॅम. त्याच्याबद्दल सगळेच लिहितात, मी थोडक्यात आटोपतो. १९४८ पासून एका अमेरिकन गावातली पाच हजारांवर माणसं तपासत राहिले, आणि रक्तदाब व कोलेस्टेरॉल दोन्ही वाढलेले असले तर धोका नुसता बेरजेने वाढत नाही, त्याहून जास्त वाढतो हे दाखवून दिलं. काम थोरच. पण धोक्यांची यादी करायची आणि प्रत्येकापुढे एक आकडा लिहायचा, ही सवय तिथूनच लागली, असं माझं जुनं मत आहे. यादीत नावं एकाखाली एक येतात. त्यांचं आपसात काय चाललंय ते यादी सांगत नाही.

ते सांगितलं स्टॅनफर्डच्या जेराल्ड रीव्हन यांनी. १९८८ च्या बँटिंग व्याख्यानात त्यांनी ‘सिंड्रोम एक्स’ मांडला. पेशी इन्सुलिनला दाद देईनाशा झाल्या की स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडतं. त्या भरवशावर साखर काही वर्षं आटोक्यात राहते, रिपोर्टवर सगळं ठीक दिसतं, पण वाढलेलं इन्सुलिन इतरत्र आपलं काम करतच असतं. ते मूत्रपिंडाला मीठ धरून ठेवायला लावतं. सिंपथेटिक नसांना चेतवतं. रक्तवाहिन्या सैल करण्याचा त्याचा जो गुण, तो मात्र नेमका बोथट होतो. तिकडे पोटातल्या चरबीतून सुटलेली मेदाम्लं यकृतात पोचतात, यकृत ट्रायग्लिसराइडने भरलेले कण रक्तात सोडतं आणि एचडीएल खाली येतं. म्हणजे मधुमेहाचं निदान होण्याच्या कितीतरी आधी दाब वर, ट्रायग्लिसराइड वर, एचडीएल खाली. रीव्हन यांच्या व्याख्यानाच्या आदल्याच वर्षी पिसाच्या फेरानिनी यांनी लठ्ठ नसलेल्या, मधुमेह नसलेल्या, फक्त रक्तदाब असलेल्या तरुणांतही इन्सुलिनला हा नकार मोजून दाखवला होता.

यात एलडीएलचं नातं वेगळं आहे, आणि इथे भले भले घोटाळा करतात. एलडीएल दाब चढवत नाही. वाढलेला दाब धमनीच्या अस्तराला इजा करतो, तिथून एलडीएल आत शिरतं, आणि साखरेने माखलेलं एलडीएल आणखी चिवट ठरतं. एक सोयरीक जन्माची, दुसरी अपघातानंतरची. दोन्हींना ‘कोलेस्टेरॉल वाढलं की बीपी वाढतं’ या एका वाक्यात कोंबणाऱ्यांना माझा नमस्कार.

‘सिंड्रोम-बिंड्रोम काही नाही’ म्हणणाराही एक पंथ आहे. त्यांच्या हाती दोन दाखले असतात. ॲरिझोनाच्या पिमा लोकांत इन्सुलिनला दाद न देणं सर्रास, पण त्याचा रक्तदाबाशी मेळ बसत नाही. आणि इन्सुलिन सोडणारी गाठ असलेल्या रुग्णांत दाब वाढतोच असं नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. २००५ मध्ये अमेरिकी आणि युरोपीय मधुमेह संघटनांनी या संकल्पनेवर संयुक्तपणे प्रश्नचिन्ह लावलं, आणि खुद्द रीव्हन यांनीही सिंड्रोम ठरवायच्या निकषांची पाच खणांची चौकट निरुपयोगी ठरवली. पण त्यांनी फेकून दिली ती चौकट. आतलं शरीरशास्त्र त्यांनी कधी सोडलं नाही, हे आमचे मित्र सांगत नाहीत.

आता माझ्या आवडीच्या मुलखात येतो. १९९१ मध्ये पॉल मॅकीग यांनी लंडनमधल्या दक्षिण आशियाई लोकांची पाहणी छापली. पंजाबी असो, गुजराती असो, गोऱ्या शेजाऱ्याच्या तुलनेत पोट पुढे, इन्सुलिन जास्त, ट्रायग्लिसराइड जास्त. हे लंडनला गेल्यामुळे झालं की इथूनच घेऊन गेले? याचं उत्तर पुण्याने दिलं, आणि त्याचा अभिमान मी लपवत नाही. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या रुग्णालयात जन्मलेल्या मुलांना आठव्या वर्षी पुन्हा बोलावलं. १९९९ साली निष्कर्ष आला. जन्मताना लहान आणि आठव्या वर्षी अंगाने मोठी झालेली जी मुलं, त्यांच्यात इन्सुलिनला नकार, रक्तदाब आणि एलडीएल, तिन्ही वरच्या बाजूला झुकलेली. आठ वर्षांची मुलं! ना तंबाखू, ना नोकरीचा ताण, ना बटाटेवड्यांची चाळीस वर्षं.

त्याच्याही मागे जायचं म्हणून १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत, गरोदरपणाच्या आधीपासून बायकांना मोजायला सुरुवात झाली. शेतात राबणाऱ्या, बेचाळीस किलोच्या आसपास वजनाच्या आया. त्यांची बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. प्रत्येक बाळाची मापं काढली, डोकं, दंड, पोट, आणि कॅलिपरने चिमटीत धरून कातडीखालची चरबी. स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, पण पाठीवरची चरबी मात्र जवळजवळ साउदॅम्प्टनइतकी. हडकुळं दिसणारं बाळ आतून चरबीदार. नाळेतल्या रक्तातलं इन्सुलिनही वजनाच्या मानाने जास्त. पुढे २००८ मध्ये याच गावांनी आणखी एक गोष्ट दाखवली: दोन तृतीयांश आयांत बी-१२ कमी होतं, आणि ज्यांचं बी-१२ कमी पण फोलेट भरपूर, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला नकार सर्वांत जास्त. बी-१२ देणारं दूध-दुभतं कोणाच्या ताटात शेवटी पडतं, हा प्रश्न असा थेट रक्तदाबाच्या अभ्यासात येऊन बसला.

याज्ञिकांनी ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांच्याबरोबर २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच फोटो छापला तो आठवतो? दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. इतकं बोलकं चित्र वैद्यकाच्या नियतकालिकांत मी दुसरं पाहिलेलं नाही. वजनकाटा आपल्याला फसवतो हे त्यात उघडं पडतं. म्हणूनच आपल्यासाठी कमरेची मर्यादा पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि बायकांना ८० सेंटिमीटर अशी खाली आणली.

आणि कंबर मोजतो कोण? हल्ली पेशंट हातात पूर्ण तपासणीच्या पॅकेजचा जाडजूड रिपोर्ट घेऊन येतो. साठ-सत्तर आकडे, निम्म्यांपुढे लाल बाण. त्यातलं एलडीएल बऱ्याचदा मोजलेलं नसतं, १९७२ च्या फ्रीडवाल्ड सूत्राने वजाबाकी करून काढलेलं असतं, आणि ट्रायग्लिसराइड चारशेच्या वर गेलं की ती वजाबाकी फसते. ते कोणी वाचत नाही. रक्तदाब एकाकडे, साखर दुसऱ्याकडे, चरबी तिसऱ्याकडे. तिघांच्या चिठ्ठ्या मिळून गोळ्यांचा डबा भरतो, पण शर्ट वर करून पोटाला टेप कोणी लावत नाही. आमचे एक सर वॉर्डात रुग्णाला स्वस्थ बसवून, दंडाखाली उशी देऊन, मगच रक्तदाबाचा पट्टा बांधत. मध्ये कोणी बोललं तर पुन्हा पहिल्यापासून. आता चालत आलेल्या माणसाचा दाब स्वेटरवरूनच घेतात आणि त्यावर आयुष्यभराची गोळी सुरू होते.

आहाराच्या वादात मी फार शिरत नाही. तूपवाले आणि तेलवाले यांचं भांडण माझ्या निवृत्तीनंतरही चालू राहील. दोघेही पापड, लोणचं, फरसाण यांतल्या मिठाबद्दल आणि उपवासाच्या साबुदाण्याबद्दल गप्प असतात, एवढंच नोंदवतो.

औषधांचं मात्र बोललं पाहिजे. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये सर्पगंधेचा रक्तदाबावरचा गुण ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडला, तेव्हा दाब उतरवणं हेच मोठं होतं. मग थायझाइड आली, बीटा-ब्लॉकर आले. १९८५ च्या ब्रिटिश एमआरसी चाचणीत या दोन्हींनी पक्षाघात कमी केले, हृदयविकारात तसा फरक दिसेना. तेव्हा आमच्यातल्या काहींना शंका आली: दाब उतरतोय, पण थायझाइडने साखर चढतेय आणि बीटा-ब्लॉकरने ट्रायग्लिसराइड चढून एचडीएल पडतंय, त्याचं काय? २००२ च्या ‘लाइफ’ चाचणीत ॲटेनोलॉलऐवजी लोसार्टन घेणाऱ्यांत पक्षाघात आणि नवा मधुमेह दोन्ही सुमारे चतुर्थांशाने कमी निघाले. त्याच वर्षीच्या ‘ऑलहॅट’मध्ये थायझाइडच्या जातीच्या क्लोरथॅलिडोनने मधुमेह वाढूनही हृदयाचं नुकसान दिसलं नाही, हेही मान्य, विरोधक तो कागद खिशात घेऊनच फिरतात. पण त्या चाचणीतल्या रुग्णांचं सरासरी वय ६७ होतं आणि ते काही वर्षंच पाहिले गेले. आपल्याकडे हा संसार तिशीतच सुरू होतो. ‘इंटरहार्ट’ अभ्यासाने दाखवलं, दक्षिण आशियाई माणसाला हृदयविकाराचा पहिला झटका येतो तो त्रेपन्नच्या आसपास, इतरांपेक्षा पाच-सहा वर्षं आधी.

उलट दिशेचा धडा १९९८ च्या ‘यूकेपीडीएस’ चाचणीचा. मधुमेह्यांचा दाब १५४/८७ ऐवजी १४४/८२ वर ठेवला तेवढ्याने पक्षाघात ४४ टक्क्यांनी घटले. साखर कडक ठेवून पक्षाघातात असा लाभ मिळाला नव्हता. साखरेच्या पेशंटचा दाब आधी बघा, हे मी तेव्हापासून ओरडतोय.

आणि तरीही २००९ मध्ये भारतात तपासलेल्या पॉलिकॅप या कॅप्सूलमध्ये काय होतं? सिमव्हास्टॅटिन, रॅमिप्रिल, ॲस्पिरिन, ॲटेनोलॉल आणि हायड्रोक्लोरोथायझाइड. अशा एकत्रित गोळ्या जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतल्या. सगळं एका गोळीत ही कल्पना मला पटते. पण पाचांपैकी शेवटची दोन औषधं साखर वाढवणारी. का घेतली म्हणून विचारलं तर उत्तर मिळतं: स्वस्त आहेत, सगळीकडे मिळतात. खरंच आहे ते. साठीच्या, झटका येऊन गेलेल्या माणसाला ही कॅप्सूल द्यायला माझी हरकत नाही. पण पस्तिशीतला, चाळीस इंची कमरेचा, ट्रायग्लिसराइड तीनशे आणि एचडीएल तिसाच्या घरात असलेला तरुण समोर बसला असेल, तर मी ॲटेनोलॉल आणि थायझाइड दोन्ही बाजूला ठेवतो, टेल्मिसार्टनने सुरुवात करतो, आणि घेर किती उतरला ते पाहायला तीन महिन्यांनी परत बोलावतो.