स्पोर्ट्स कारच्या गिअरबॉक्समध्ये कोणतं ऑइल टाकायचं? जीएल-४, जीएल-५ आणि ७५डब्ल्यू-९० सोप्या भाषेत

इंजिन ऑइल कधी बदलायचं, हे बहुतेकांना माहीत असतं. पण मॅन्युअल गाडीच्या गिअरबॉक्समध्ये बहुतेक वेळा वेगळं ऑइल असतं, याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. माझंही गेलं नव्हतं. मी हे शिकलो ते चूक करून, आणि ती चूक थोडक्यात महागात पडता पडता राहिली.

अमेरिकेत ओहायोमध्ये शिकत असताना मी आणि माझ्या नगरच्या रूममेटने पैसे जमवून एक जुनी माझदा एमएक्स-५ घेतली. तिकडे तिला मियाटा म्हणतात. १९९९ चं मॉडेल, दोन सीट, १.८ लिटरचं इंजिन, पाच गिअर आणि मागच्या चाकांना ताकद. गाडी जुनी, म्हणून गिअर ऑइल बदलून टाकू असं ठरलं. दुकानात गेलो, तर समोर डब्यांची भिंतच! रूममेटने सगळ्यात महागडा डबा उचलला. त्यावर लिहिलं होतं ७५डब्ल्यू-१४०, जीएल-५, लिमिटेड स्लिप.

"अरे, १४० आहे, म्हणजे ९० पेक्षा भारीच असणार," तो म्हणाला. मीही मान डोलावली. ५ हा आकडा ४ पेक्षा मोठा, आणि 'स्लिप' म्हणजे गुळगुळीत, मग अजून काय पाहिजे?

आमचे हे तिन्ही अंदाज चुकले होते. जानेवारीत एका सकाळी बाहेर उणे १२ अंश तापमान असताना दुसरा गिअर टाकायला गेलो, तर 'खर्रर्र' असा आवाज आला. दात किटकिटल्यासारखा. पुढचे काही दिवस रोज सकाळी तेच. गॅरेजवाल्याने गिअरबॉक्स उघडायचा जो खर्च सांगितला, तो आमच्या गाडीच्या किमतीच्या जवळपास अर्धा होता.

## आधी बघू, गिअरबॉक्समध्ये ऑइल करतं काय?

गिअरबॉक्समध्ये दातेरी चाकं एकमेकांत अडकून फिरत असतात. तिथे ऑइलचं काम सरळ आहे: दातांमध्ये पातळ थर ठेवायचा, झीज थांबवायची आणि उष्णता वाहून न्यायची.

पण दुसरं एक काम आहे, आणि खरी गंमत तिथे आहे. तुम्ही पहिल्यातून दुसऱ्यात गिअर टाकता तेव्हा जोडल्या जाणाऱ्या दोन भागांचा वेग वेगळा असतो. ते तसेच जोडले तर खर्रर्र. म्हणून मध्ये एक छोटी रिंग असते, तिला सिंक्रोनायझर रिंग म्हणतात. अनेक गाड्यांत ती पितळेची असते. ही रिंग पुढे सरकून एका शंकूच्या आकाराच्या भागावर घासते, ब्रेकसारखी. त्या घर्षणाने दोन्ही वेग सारखे होतात आणि मग गिअर अलगद पडतो. १९२८ मध्ये कॅडिलॅकने ही सोय आणली. त्याआधी ड्रायव्हरला क्लच दोनदा दाबून आणि अंदाजाने वेग जुळवून गिअर टाकावा लागायचा.

म्हणजे एकाच ऑइलला दोन उलटी कामं करायची असतात. दातांवर ते निसरडं हवं, पण रिंगवर ते इतकं निसरडं नको की रिंग घसरतच राहील. हे लक्षात आलं की पुढचं सगळं सोपं आहे.

## पहिला अंदाज: मोठा आकडा म्हणजे चांगलं ऑइल

७५डब्ल्यू-९० मधला ९० हा आकडा गरम ऑइलचा दाटपणा सांगतो. १०० अंश सेल्सिअसला ९० ग्रेडचा दाटपणा १३.५ ते १८.५ सेंटीस्टोक्सच्या दरम्यान असावा लागतो. १४० ग्रेडला किमान २४ लागतो. म्हणजे १४० हे भारी नाही, फक्त बरंच दाट आहे.

डब्ल्यू म्हणजे विंटर. ७५डब्ल्यू ऑइल उणे ४० अंशांपर्यंत ठरलेल्या मर्यादेपेक्षा घट्ट होत नाही. ८०डब्ल्यूसाठी ही मर्यादा उणे २६ अंश, तर ८५डब्ल्यूसाठी उणे १२ अंश आहे. तुम्ही म्हणाल, आमच्या डब्यावरही ७५डब्ल्यूच होतं की! बरोबर. पण तो आकडा फक्त कमाल मर्यादा सांगतो. त्या मर्यादेच्या आत राहूनही १४० वालं ऑइल सहसा ९० वाल्यापेक्षा थंडीत जास्त दाट असतं. अशा दाट ऑइलमधून रिंगला शंकूपर्यंत पोचायला वेळ लागतो. ऑइलचा थर बाजूला झाल्याशिवाय घर्षण सुरूच होत नाही, आणि तोपर्यंत आपण गिअर ढकललेला असतो.

अजून एक गोंधळ इथेच दूर करू. गिअर ऑइलचे आकडे आणि इंजिन ऑइलचे आकडे या दोन वेगळ्या पट्ट्या आहेत. गिअर ऑइलचं ९० म्हणजे इंजिन ऑइलच्या साधारण ४० ते ५० इतकाच दाटपणा. त्यामुळे '९० म्हणजे किती घट्ट!' असं वाटून घाबरू नका.

## दुसरा अंदाज: जीएल-५ म्हणजे जीएल-४ ची पुढची आवृत्ती

फोनमध्ये अँड्रॉइडची नवी आवृत्ती जुनीची जागा घेते. जीएल आकड्यांचं तसं नाही. ही अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटची वर्गवारी आहे, आणि प्रत्येक वर्ग वेगळ्या कामासाठी आहे.

- जीएल-४: मॅन्युअल गिअरबॉक्ससारख्या मध्यम दाबाच्या कामासाठी.
- जीएल-५: मुख्यतः मागच्या डिफरन्शियलसाठी. तिथे हायपॉइड प्रकारचे गिअर एकमेकांवर प्रचंड दाबाने घसरतात, म्हणून त्यात गंधक आणि फॉस्फरसवर आधारलेले रासायनिक घटक जास्त असतात. गिअर ऑइलला जो उग्र वास येतो, तो या गंधकाचा.
- एमटी-१: हे नाव वाचून फसू नका. हे ट्रक आणि बसच्या, सिंक्रोनायझर नसलेल्या गिअरबॉक्ससाठी आहे.

या गंधकाच्या घटकांचा पितळेशी संबंध येतो. काही घटक, विशेषतः तापल्यावर, तांब्याच्या मिश्रधातूंवर परिणाम करतात. आजची बरीच जीएल-५ ऑइल या बाबतीत सौम्य असतात, त्यामुळे 'जीएल-५ टाकलं की पितळ विरघळलंच' हे अर्धवट ज्ञान झालं. आमच्या मियाटाच्या मॅन्युअलमध्ये तर जीएल-४ किंवा जीएल-५ दोन्ही चालतं असं लिहिलं होतं. पण जिथे मॅन्युअल फक्त जीएल-४ म्हणतं, तिथे जीएल-५ टाकू नका.

## तिसरा अंदाज: जितकं निसरडं तितकं चांगलं

आमची सगळ्यात मोठी चूक हीच. 'लिमिटेड स्लिप' लिहिलेल्या ऑइलमध्ये घर्षण कमी करणारे खास घटक असतात. लिमिटेड स्लिप डिफरन्शियलमध्ये क्लचसारख्या पट्ट्या असतात, त्या वळणावर अडखळू नयेत म्हणून हे घटक घालतात. तिथे ते बरोबरच आहे. पण तेच ऑइल गिअरबॉक्समध्ये गेलं की सिंक्रोनायझर रिंगला पकड मिळत नाही. ब्रेक पॅडला तेल लावल्यासारखं होतं ते.

म्हणजे आम्ही डिफरन्शियलचं औषध गिअरबॉक्सला दिलं होतं, तेही जास्त पैसे मोजून.

## प्रत्येक गाडीचं उत्तर वेगळं

- माझदा एमएक्स-५, जुना पाच गिअरचा बॉक्स: ७५डब्ल्यू-९०, जीएल-४ किंवा जीएल-५, साधारण २ लिटर.
- होंडा एस२०००: होंडाचं स्वतःचं मॅन्युअल ट्रान्समिशन फ्लुइड, म्हणजे एमटीएफ. हे नेहमीच्या गिअर ऑइलपेक्षा बरंच पातळ असतं.
- शेव्हरोले कॉर्व्हेट सी५: टी-५६ नावाचा सहा गिअरचा मॅन्युअल बॉक्स, पण त्यात ऑटोमॅटिक गाड्यांचं डेक्सरॉन-३ फ्लुइड! गिअरबॉक्स बनवणाऱ्यांनी आतल्या रिंगा त्या ऑइलसाठीच तयार केल्यात.

म्हणून 'मित्राच्या गाडीत मस्त चाललं' हे कारण इथे चालत नाही.

## मग निवडायचं कसं? फोन काढा

१. गाडीच्या कंपनीच्या वेबसाइटवरून तुमच्या मॉडेलचं आणि त्याच वर्षाचं ओनर्स मॅन्युअल डाउनलोड करा.

२. पीडीएफमध्ये 'ट्रान्समिशन ऑइल' शोधा. तीन गोष्टींचा स्क्रीनशॉट घ्या: ग्रेड, जीएल वर्ग किंवा कंपनीचं स्पेसिफिकेशन, आणि किती लिटर. डिफरन्शियलचं ऑइल बऱ्याचदा त्याच पानावर असतं, ते चुकून घेऊ नका.

३. दुकानात डब्याच्या मागच्या बाजूचा फोटो काढा आणि स्क्रीनशॉटशी जुळवा. पुढच्या बाजूला जाहिरात असते, कामाची माहिती मागे.

४. 'लिमिटेड स्लिप' किंवा 'एलएस' दिसलं तर गिअरबॉक्ससाठी तो डबा परत ठेवा. मॅन्युअलनेच सांगितलं असेल तर गोष्ट वेगळी.

५. सगळं जुळणारे दोन-तीन डबे मिळाले, तरच किंमत आणि ब्रँड बघा.

स्वतः बदलणार असाल तर एक नियम पाळा: आधी भरायचा बोल्ट उघडा, मगच खालचा. खालचा उघडून सगळं ऑइल काढलं आणि वरचा गंजून बसलाय हे नंतर कळलं, तर गाडी जागची हलणार नाही. गाडी सपाट जागेवर स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका. जुनं ऑइल भांड्यात धरा आणि नीट बघा. बोल्टला चुंबक असेल तर त्यावर थोडा करडा लगदा दिसतो, तो नेहमीचाच. पण ऑइलमध्ये सोनेरी चमक दिसली तर ते पितळ आहे, म्हणजे रिंग झिजतेय. पितळ चुंबकाला चिकटत नाही, म्हणून ते ऑइलमध्येच शोधावं लागतं.

## बाइकवाल्यांनो, हे तुमच्यासाठीही

आपल्याकडच्या बहुतेक गिअरच्या मोटरसायकलींमध्ये इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच एकाच ऑइलात असतात. कारचं जास्त निसरडं इंजिन ऑइल बाइकमध्ये टाकलं तर क्लच घसरू शकतो. म्हणूनच बाइकच्या ऑइलच्या डब्यावर जासो एमए किंवा एमए२ लिहिलेलं असतं, म्हणजे क्लचला पुरेशी पकड मिळेल असं ऑइल. तत्त्व तेच, फक्त रिंगच्या जागी क्लच.

## आमच्या गाडीचं काय झालं?

आम्ही ते ऑइल काढलं, तेव्हा भांड्यात थोडी सोनेरी चमक दिसली. मग मॅन्युअलप्रमाणे साधं ७५डब्ल्यू-९० जीएल-४ भरलं. किंमत आधीच्या डब्यापेक्षा कमी. आठवड्याभरात खर्रर्र जवळपास बंद झालं. पण पूर्णपणे नाही. गारठ्यातल्या पहिल्या पाच-दहा मिनिटांत दुसरा गिअर अजूनही सावकाशच टाकावा लागायचा. झिजलेली रिंग ऑइलने भरून येत नाही. ती झीज किती जुनी आणि किती आमच्यामुळे, हे सांगणं शक्य नाही. आमचा वाटा होता एवढं मात्र नक्की.

गिअरबॉक्स उघडायचा खर्च वाचला, हे नशीब. गाडी विकली तेव्हा डॅशबोर्डच्या कप्प्यात ऑइलची माहिती लिहिलेला कागद ठेवला आणि नवीन मालकाला दाखवला. तो म्हणाला, "मी तर १४० टाकणार होतो!"