खाजणाच्या वाटेने : मोटारसायकलीवरून चोडण व दिवाडी

गोवा म्हटले की समुद्रकिनारे, देवालये आणि जुनी चर्चे एवढेच चित्र बहुतेकांच्या डोळ्यांसमोर उभे राहते. ज्या शेतीने गोमंतकीयांचे ताट शतकानुशतके भरले, ती मात्र पाहुण्यांच्या दृष्टीस क्वचितच पडते. मांडवी, जुवारी आदी नद्यांचे भरतीचे खारे पाणी बांध घालून थोपवायचे आणि आतल्या सखल जमिनीत भात पिकवायचे, अशी ही शेती. या जमिनींना खाजण म्हणतात. पाचव्या-सहाव्या शतकांतील ताम्रपटांतही त्यांचा उल्लेख सापडतो. आज गोव्यात खाजणांचे क्षेत्र सुमारे १८ हजार हेक्टर सांगितले जाते.

खाजण पाहण्यास मोटारसायकलीसारखे वाहन नाही. ती फेरीबोटीत सहज चढते, अरुंद रस्त्यावरून जाते व हव्या त्या ठिकाणी थांबते. पणजीहून रायबंदरास जावे, तेथून फेरीने चोडण बेट गाठावे. धक्क्यालगतच डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्याचे कांदळवन आहे. पुढे शेतांमधून मये आणि मग नार्वे. बेळगावहून चोर्ला घाटाने येणाऱ्यास साखळी व डिचोलीवरून मये येथे या मार्गास मिळता येते. नार्वे येथील सप्तकोटेश्वराचे मूळ स्थान दिवाडी बेटावर होते. पोर्तुगीजांनी ते मंदिर उद्‌ध्वस्त केले व पुढे १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी नार्वे येथील मंदिराचा जीर्णोद्धार करविला, हे मराठी वाचकांस सांगावयास नकोच. नार्व्याहून फेरीने दिवाडी व तेथून दुसऱ्या फेरीने जुने गोवे, असा हा फेरा पुरा होतो.

वाटेत एखाद्या बांधाजवळ थांबून मानस अवश्य पाहावी. मानस म्हणजे बांधातील पाण्याचे दार. त्याच्या लाकडी झडपा भरतीच्या दाबाने आपोआप मिटतात. ओहोटी लागली की आतले साचलेले पाणी त्या ढकलून नदीत उतरते. ना यंत्र, ना वीज! पावसाळ्याच्या पहिल्या सरींनी मातीतील क्षार धुऊन निघतात, मगच पेरणी होते. या जमिनीत कोरगुट नावाचे खारे सोसणारे भात पिढ्यान्‌पिढ्या पिकत आले आहे.

आता ताटाकडे वळू. गोव्याच्या जेवणाची खरी ओळख उकड्या तांदळापासून होते. भात तुसासकट उकडून, वाळवून मग सडल्याने दाणा जाड व तांबूस राहतो. सकाळी दहाच्या सुमारास शेतकरी याच तांदळाची पेज घेतो. सोबत कैरीचे लोणचे, सुक्या सुंगटांची किस्मूर किंवा आदल्या दिवशीची आटवलेली आमटी, म्हणजेच ‘कालची कोडी’. मोठ्या उपाहारगृहांत पेज अभावानेच मिळते. गावातील लहान खाणावळीत आपुलकीने विचारल्यास मिळू शकते. शाकाहारी मंडळींसाठी अळसांद्यांचे तोणाक व सायकलवरून फिरणाऱ्या पोदेराकडील गरम पोई आहे. मानशीजवळ धरलेली काळुंद्रे, शेवटे आणि सुंगटे यांची चव समुद्रातील मासळीहून वेगळी असते. प्रस्तुत लेखकाच्या मते ती अधिक गोड. किनाऱ्यावरील मित्र हे मान्य करीत नाहीत.

श्रावण-भाद्रपदात आल्यास हळदीच्या पानातील पातोळ्या चाखता येतात. दिवाडीत ऑगस्टमध्ये भरणारा बोंदेराचा उत्सवही जुन्या हद्दींच्या तंट्यांची व त्या हद्दींवर रोवल्या जाणाऱ्या निशाणांची आठवण आहे. गणेशचतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी हिंदू घरांत नव्या कणसांची पूजा होते. ख्रिस्ती गावांत कणसांचे फेस्त साजरे होते. दोन्हीकडे कणीस तेच.

हे कणीस मात्र बांधावर अवलंबून आहे. पूर्वी बांधांची डागडुजी गावकारीकडे असे. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर ती जबाबदारी हळूहळू कुळांच्या संघांकडे आली. मानशीवरील मासेमारीचा लिलाव होतो व त्याचे उत्पन्न शेतीपेक्षा अधिक वाटू लागल्यास खारे पाणी हेतुपुरस्सर आत घेतले जाते. प्रवाहाने बांध खचतो. एकदा फुटला की मिठामुळे जमीन काही वर्षे नापीक राहते, तीत कांदळ वाढते आणि कांदळवनास कायद्याचे संरक्षण असल्याने ती पुन्हा लागवडीखाली आणणे दुष्कर होते. २०११ च्या किनारी नियमन अधिसूचनेत खाजणांच्या रक्षणाची स्वतंत्र तरतूद झाली. तरीही मातीची पाटी तेथे कोणीतरी टाकावीच लागते.

म्हणून मोटारसायकलस्वारांस एक विनंती. मातीचा बांध हा रस्ता नव्हे. चाकांनी पडलेल्या चाकोरीत पावसाचे पाणी साचते व तेथूनच माती सुटू लागते. वाहन डांबरी रस्त्यावर उभे करून बांधावर पायी जावे आणि मानशीच्या झडपांना हात लावू नये. ओहोटीची वेळ रायबंदरच्या धक्क्यावर कोणीही सांगेल. त्या वेळी मानशीपाशी उभे राहिल्यास शेतातील पाणी नदीत उतरताना दिसते.