घुसळखांबाजवळचं लोटाभर पाणी

आमच्या साताऱ्याकडच्या घरी माजघरात घुसळखांब होता. त्याला दोन फास, फासांत उभी रवी, खाली मातीचा डेरा. रवीला दोरीचे वेढे दिलेले. उजव्या हाताने ओढताना डावा सैल सोडायचा. मी दोन्ही हात एकदम ओढायचे आणि रवी जागच्या जागी अडायची.

लोणी आल्याचं कानांना आधी कळतं. पाणचट घुमणारा आवाज हळूहळू जड होतो, मग डेऱ्याच्या कडेला मोहरीएवढे कण दिसतात. दह्यात स्निग्धांशाचे बारीक थेंब तरंगत असतात, प्रत्येकाभोवती पातळ वेष्टण. घुसळताना ते फाटतं आणि थेंब एकमेकांना चिकटतात. थंडीत मात्र ते कडक होतात, चिकटतच नाहीत. उन्हाळ्यात इतके मऊ पडतात, की गोळाच धरत नाही.

आजीचं निदान वेगळं होतं. "नजर लागली मेलीची!" सकाळी विरजण मागायला आलेल्या शेजारणीचा हा उद्धार. म्हणून डेऱ्यावर पदर धरायचा, दिवेलागणीनंतर दूध, दही, विरजण कुणाला द्यायचं नाही. लक्ष्मी घराबाहेर जाते. ताकाला मात्र नाही म्हणायचं नाही, आणि ते विकायचं तर मुळीच नाही. लोणी येईना झालं, की ती मीठमोहऱ्या ओवाळून चुलीत टाकायची. तोंडाने शेजारीण चालू असतानाच तिचा दुसरा हात वैलावरच्या तपेलीकडे गेलेला असे. लोटाभर कोमट पाणी डेऱ्यात. वैशाखात लोटा माठात बुडायचा. मीठमोहऱ्या बारा महिने त्याच. पाणी तेवढं बदलायचं. यात काही विसंगत आहे असं तिला कधी वाटलं नसावं.

म्हशीचं लोणी पांढरंशुभ्र, गाईचं कॅरोटीनमुळे पिवळसर. पहिला गोळा बाळकृष्णाला. बाकीचं ताकात ठेवून साठवायचं आणि विड्याचं पान टाकून कढवायचं. लोण्यात थोडं पाणी असतं. ते उडून गेलं की तडतड थांबते आणि तूप झालं. तळाच्या बेरीत साखर घालून आम्ही पातेलं खरवडायचो. त्यापुढे तूप मला दुय्यमच वाटे.

आता आठवड्याची साय फ्रिजमध्ये साठते आणि मिक्सरमध्ये फिरते. गेल्या मेमध्ये लोणी काही येईना. मी बर्फाचे खडे टाकत होते.

"आई, पुटपुटतेयस काय?" लेकीने विचारलं.

खालच्या मजल्यावरच्या वहिनी नुकत्याच दही मागून गेल्या होत्या.