फटका : कानातून आलेला शब्द

भातकापणीनंतर जव्हारजवळच्या शिरपामाळाच्या आसपास खळ्यांवर झोडणी सुरू होते. नाचणी, वरईच्या कणसांवर काठी पडते तो आवाज कुणी ‘धप्प’ म्हणेल, कुणी ‘फट्’. असे ऐकलेले आवाज भाषेत उतरले की व्याकरणकार त्यांना अनुकरणवाचक शब्द म्हणतात. इंग्रजीतला ‘व्हॅक’ याच जातीचा. जोरात मारल्याचा आवाज तोच मारण्याचा अर्थ झाला आणि पुढे त्याच शब्दाला ‘वाटा’, ‘प्रयत्न’ असेही अर्थ जडले.

आपला ‘फटका’ तर त्याहून लांब गेला आहे. काठीचा फटका, बॅटचा फटका, अवकाळी पावसाचा फटका; शिवाय संगमनेरच्या अनंत फंदी (1744–1819) यांनी गाजवलेला, कानउघाडणी करणारा काव्यप्रकारही फटकाच. ‘फटकन’ म्हटले की मात्र मार उरत नाही, फक्त वेग उरतो. ‘-कन’ आणि ‘-दिशी’ हे प्रत्यय आवाजाचे क्रियाविशेषण करतात: खाडकन, धाडदिशी.

म्हणून ‘व्हॅक’ला एकच प्रतिशब्द शोधू नये. पाठीवर धपाटा, गालावर चापट, काठीचा तडाखा. मार कशाचा आणि कुठे बसला, ते पाहून शब्द निवडावा.